डिझाइनचे कॉलेज जूनमध्ये नव्हे, दिवाळीपूर्वी निवडा

डिझाइन, जाहिरात, अ‍ॅनिमेशन, संकलन हे शब्द आता आपल्या घरांतही शिरले आहेत. आमचे बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागून वाढलेले गाव. येथे शिलाई कारागीर, गादी भरणारे, फ्लेक्स छापणारे, लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणारे असे हुनरवाले पुष्कळ आहेत. बारावीचा निकाल लागला की त्यांची मुले रंगीत माहितीपत्रके घेऊन येतात आणि वडील आम्हा व्यापाऱ्यांना सल्ला विचारतात. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. आमची तालीम उर्दू शाळेत झाली आणि उमर कापडाच्या ताक्यांत गेली. परंतु हलका माल भारी वेष्टनात कसा विकला जातो, हे आम्हांस ठाऊक आहे. शिक्षणाच्या बाजारातही आता तेच चालले आहे, म्हणून हे चार शब्द.

चित्र काढून पोट भरते काय?

हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. उत्तर आमच्या गल्ल्यावरच आहे. एकाच सुताचे, एकाच पन्ह्याचे दोन ताके ठेवा. एकाचा नमुना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो आणि तो चढ्या भावाने जातो. दुसरा हंगाम संपल्यावर तोट्यात काढावा लागतो. सूत तेच, मजुरी तीच. फरक नमुना काढणाऱ्याच्या डोक्याचा. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर, नागपूर-कामठीच्या हातमागांवर आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कापड विणले. विणणारा हात आपला होता, पण नमुना बहुधा दुसऱ्याचा आणि नफाही दुसऱ्याचा. ही स्थिती बदलायची असेल तर आपल्या मुलांनी ही विद्या रीतसर शिकली पाहिजे.

थोर चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण घ्या. १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला भागात जन्म, वडील वनखात्यात नोकर. १९३९ पासून नागपूरच्या चित्रकला शाळेत शिक्षण, मग मुंबईत छपाईचे ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी आणि जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. प्रत्येक मुलगा रझा होणार नाही. पण जवळच्या शहरातून सुरुवात, पोटासाठी छपाईचे काम आणि मग शिष्यवृत्तीवर पुढची पायरी, हा मार्ग साध्या घरातील मुलालाही चालता येण्यासारखा आहे.

आधी शाखा, मग कॉलेज

नुसते 'डिझाइन करायचे' म्हणणे म्हणजे 'व्यापार करायचा' म्हणण्यासारखे आहे. कशाचा, ते आधी ठरवा. कापडाच्या नमुन्यात रस असेल तर टेक्स्टाइल डिझाइन, कपड्याच्या कटाईत असेल तर फॅशन, जाहिरात व छपाईत असेल तर उपयोजित कला, वस्तू घडविण्यात असेल तर प्रॉडक्ट डिझाइन, कॅमेरा किंवा बातमीत असेल तर जनसंचार. ज्या धंद्यात मूल लहानाचे मोठे झाले, त्याच्या जवळची शाखा घेतल्यास निम्मे ज्ञान ते घरूनच नेते.

हे ज्ञान कमी लेखू नये. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला डिझाइनविषयी अहवाल दिला. त्यात त्यांनी उत्तम रचनेचा दाखला म्हणून आपल्या घरातील लोट्याची तारीफ केली. त्या अहवालाच्या आधारे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एन.आय.डी., उभी राहिली. अनाम कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेला लोटा देशातील पहिल्या डिझाइन संस्थेच्या मुळाशी आहे.

सरकारी दरवाजे कोणते?

नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरलाही आहे. खासगी संस्थांच्या तुलनेत तेथील फी फारच कमी असते. मुंबईची जे.जे. १८५७ पासूनची, २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. निफ्टची स्थापना १९८६ ची. तिचे केंद्र मुंबईत आहे तसे भोपाळलाही आहे. भोपाळलाच २०१९ पासून एन.आय.डी.ही आहे आणि वर्ध्याहून ते रेल्वेने एका रात्रीचे अंतर. आय.आय.टी. मुंबईचे डिझाइन केंद्र १९६९ चे, तेथे बी.डेस.चा प्रवेश 'यूसीड' परीक्षेतून होतो. या बी.डेस. अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची बारावी चालते. कला शाखेच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

माध्यमांकडे जायचे असेल तर वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार शिकविला जातो. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र २०११ पासून आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लियातील जनसंचार केंद्र १९८२ चे आणि नावाजलेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते.

खरी मेख तारखांची आहे

यूसीड, एन.आय.डी., निफ्ट या परीक्षांचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरले जातात आणि परीक्षा हिवाळ्यात होतात. राज्याच्या कला अभ्यासक्रमांची सीईटीही निकालाची वाट पाहत नाही. म्हणजे बारावीचा निकाल हाती पडतो तेव्हा यातील बहुतेक गाड्या सुटलेल्या असतात. जूनमध्ये दरवाजा उघडा असतो तो बहुधा महागड्या खासगी संस्थेचा. आपली मुले तेथे हुशारी कमी म्हणून जात नाहीत; घरात वेळेवर सांगणारे कोणी नसते म्हणून जातात.

आमच्या ओळखीतील एका रेडिमेड कपड्यांच्या व्यापाऱ्याने अशाच घाईत मुलीसाठी दूरच्या शहरातील एका खासगी संस्थेत लाखोंची फी भरली. तीन वर्षांनी हाती आले ते संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र. पुढील शिक्षणासाठी विद्यापीठात गेल्यावर कळले की ही पदवीच नव्हे. मुलीला पदवी पहिल्या वर्षापासून सुरू करावी लागली. पैसा पुन्हा कमावता येतो. मुलीच्या उमरीची तीन वर्षे कोणत्या बाजारात मिळणार?

खासगीत जायचे झाल्यास

सर्वच खासगी संस्था वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण ताका उलगडल्याशिवाय आपण सौदा करत नाही, तसेच येथे वागावे. पहिली गोष्ट, पदवी कोण देणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा हक्क विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना व संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. 'सहकार्याने', 'मान्यताप्राप्त' या शब्दांवर न जाता विद्यापीठाचे नाव विचारा व आयोगाच्या यादीत पाहा. डिप्लोमा म्हणजे फसवणूकच असेही नाही. एन.आय.डी. स्वतः २०१४ च्या कायद्यापूर्वी डिप्लोमाच देत असे आणि बाजारात त्याला मान होता. आपण काय विकत घेतो आहोत हे आधी माहीत असावे, इतकेच.

दुसरी गोष्ट, काचेची इमारत पाहू नका, मुलांच्या टेबलावरचे काम पाहा. टेक्स्टाइल शिकवितात तर माग आहे काय? रंगाईची जागा आहे काय? कायम शिक्षक किती? तिसरी गोष्ट, तेथून शिकून गेलेल्या तीन-चार मुलांशी स्वतः बोला. भिंतीवरचे फोटो हा पुरावा नव्हे. सर्व वर्षांची एकूण फी, साहित्याचा व वसतिगृहाचा खर्च आणि फी परतीची अट लेखी घ्या. मुलगी असेल तर वसतिगृह आईने स्वतः जाऊन पाहावे. मग 'दूर कशी पाठवायची' ही चिंता निम्मी होते.

कागदपत्रे व पैसा

मोमीन-अन्सारी, पिंजारी-मन्सुरी अशा अनेक कारागीर बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. जातीचा दाखला, जात वैधता व नॉन-क्रीमी लेअर दाखला यांना वेळ लागतो, म्हणून अकरावीतच सुरुवात करावी. एन.आय.डी., निफ्टसारख्या केंद्रीय संस्थांसाठी आपली बिरादरी केंद्राच्या यादीत आहे का ते पाहावे आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात घ्यावा. निफ्टमध्ये कारागीर व त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जादा जागा असतात. त्यासाठी केंद्र सरकारचे कारागीर ओळखपत्र लागते. जे जरी-भरतकाम करतात, माग चालवतात त्यांनी हे कार्ड काढून ठेवावे. निफ्ट सरकारी असली तरी फी लाखांत जाते, म्हणून कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असलेली तिची आर्थिक मदतीची योजनाही पाहावी. शैक्षणिक कर्जाची चौकशी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळात करावी. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षाचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे.

तयारी आठवीपासून

शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे तेथील विषय पुढच्या प्रवेश परीक्षांतही उपयोगी पडतात. शिवाय दहावीत वाढीव गुण मिळतात. आपल्या उर्दू शाळांच्या व्यवस्थापनांनी या परीक्षांना मुले बसवावीत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रोज एक पान वाचण्याची सवय लावावी. पुढे सगळा अभ्यास त्याच भाषेत आहे. एखाद्या रविवारी मुलांना वर्ध्याच्या मगन संग्रहालयात न्यावे. ते १९३८ साली सुरू झाले. चरखे, खादी, ग्रामोद्योगाची अवजारे तेथे जवळून पाहता येतात. मगनवाडीतच एमगिरी या सरकारी संस्थेचा खादी व वस्त्रविभाग आहे.

तेव्हा व्यापारी व कारागीर बंधूंनो, ज्यांचे मूल यंदा अकरावी-बारावीत आहे त्यांनी एक कागद घ्यावा. त्यावर शाखा, तीन सरकारी संस्था, प्रत्येकीच्या अर्जाची शेवटची तारीख व लागणारे दाखले लिहावेत आणि तो दुकानात हिशेबाच्या वहीशेजारी टांगावा. उधारीची तारीख आपण विसरत नाही. ही तारीख त्याहून मोठ्या रकमेची आहे.