टाकोतलं कॅल्शियम

मक्याची भाकर तव्यावरून काढून दुमडायला जावं तर ती मधोमध चिरते. दुधात चीज विरघळवून गुळगुळीत सॉस करायला जावं तर तूप एकीकडे सुटतं आणि खाली चिवट गोळा उरतो. घरी चीज टाको करायला निघालेल्यांचं घोडं बहुधा या दोन ठिकाणी अडतं. गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी कॅल्शियम आहे. भाकरीत ते घालावं लागतं, चीजमधून ओढून काढावं लागतं.

बुलढाणा जिल्ह्याला मक्याचं अप्रूप नाही. मोताळा, मलकापूर, नांदुरा या पट्ट्यात खरिपात कपाशी-सोयाबीनच्या शेजारी मका उभा असतो. पण तो निघाला की जातो कोंबडीखाद्याला, स्टार्चला, इथेनॉलला. ताटातला मान आजही ज्वारीच्या भाकरीचा. सातपुड्याच्या पायथ्याची काही गावं सोडली तर मक्याचं पीठ घरी दळून आणणारे कमीच, आणि त्याचं एक कारण हेच की ती भाकर थापताना छळते.

गव्हाच्या कणकेत ग्लूटेनचं लवचीक जाळं तयार होतं, म्हणून पोळी दुमडते. मक्यातलं मुख्य प्रथिन झेइन. ते पाण्यात विरघळत नाही आणि साध्या तापमानाला जाळंही धरत नाही. ज्वारीचीही हीच तऱ्हा. वऱ्हाडातल्या बायांनी त्यावर फार पूर्वीच तोड काढली आहे: उकळतं पाणी. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान मक्याच्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. ग्लूटेनचं काम मग हा खळीसारखा स्टार्च करतो. उकड नीट काढली तर मक्याची भाकर गरम असेपर्यंत बऱ्यापैकी वाकते. गार झाल्यावर स्टार्चच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट चिकटून रांगेत बसतात, पाणी बाहेर पडतं आणि भाकर कडक होते. म्हणून टाको भरायचा तो गरम असताना, हा नियम.

मेक्सिकोत मात्र कामाला सुरुवात पिठाच्याही आधी, दाण्यापासून होते. मक्याचा जन्मच तिथला. दक्षिण मेक्सिकोत तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला गेला. तिथले लोक दाणे चुन्याच्या निवळीत किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन ओलेच वाटतात. अल्कलीमुळे दाण्याच्या सालीतलं हेमिसेल्युलोज विरघळतं, साल सुटते आणि त्यातला काही भाग डिंकासारखा पिठात राहतो. चुन्यातलं कॅल्शियम पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनच्या साखळ्यांना सांधतं. स्टार्च अर्धवट फुगलेला असतोच. या सगळ्यामुळे पीठ असं एकजीव होतं की त्याची पातळ चकती थंडपणीही थोडी लवते, आणि तिला तो ओळखीचा, किंचित मातकट वास येतो.

हे फक्त स्वयंपाकाचं कसब नव्हतं. मक्यात नायासिन हे ब जीवनसत्त्व असतं, पण बांधलेल्या रूपात. आतड्याला ते सुटत नाही. चुना ते मोकळं करतो. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना मात्र मागेच राहिला. १७३५ मध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने स्पेनमधल्या मका खाणाऱ्या गरिबांच्या अंगावरचे लाल चट्टे नोंदवले. पुढे या रोगाला पेलाग्रा म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने कहर केला. तो संसर्गाने होत नाही, आहारातल्या उणिवेने होतो, हे जोसेफ गोल्डबर्गरने दाखवलं. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेमने ती उणीव निकोटिनिक आम्लाची, म्हणजेच नायासिनची असल्याचं सिद्ध केलं. आपल्याला हे लांबचं वाटायला नको. दख्खनच्या पठारावर जवळपास निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा दिसत असे. हैदराबादेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला. त्या मांडणीवर पुढे वाद झाले, पण भाकरीसोबत वरण हवं ही घरची शिस्त किती शहाणपणाची आहे, हे त्यातून कळतं.

अल्कलीचा विषय निघाला की बुलढाण्याच्या माणसाला लोणार आठवणारच. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे, आणि काच व साबणासाठी लागणारा माल या भागात मिळतो अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही सापडते. पण ते अल्कली मुख्यतः सोडियम कार्बोनेटचं. तिथे मका शिजवायच्या फंदात पडू नये! आपल्याला हवा तो खाण्याचा चुना. एक किलो दाण्यांना साधारण १० ग्रॅम पुरतो. भांडं स्टीलचं घ्यावं, कारण अॅल्युमिनियमला चुना खातो. आणि भिंतीला द्यायचा चुना स्वयंपाकघरात आणू नये. शिजवून भिजवलेले दाणे तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावेत.

आता चीज. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅल्शियम फॉस्फेटच्या गाठींनी बांधलेल्या सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. रेनेट घालून केलेल्या चीजमध्ये हे गोळे सलग जाळ्यात गुंफले जातात. तापवल्यावर आधी त्यातलं तूप वितळतं, मग साठ अंशांच्या पुढे जाळं सैल पडून वाहू लागतं. आच जास्त झाली की प्रथिनं आखडतात आणि तूप पिळून बाहेर टाकतात. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी यावर सोडियम सायट्रेटचा उपाय काढला. सायट्रेट केसिनकडचं कॅल्शियम खेचून घेतं. मोकळं झालेलं केसिन एका हाताने पाणी आणि दुसऱ्या हाताने तूप धरून ठेवतं. आपल्या फ्रिजमधलं प्रोसेस्ड चीज याच युक्तीच्या घराण्यातलं.

सोडियम सायट्रेट विकत आणायलाही नको. चार छोटे चमचे लिंबाच्या रसात पाव चमचा खायचा सोडा घाला. फसफसून वायू निघून गेला की उरतं ते बहुतांशी तेच. त्यात थोडं दूध घालून मंद आचेवर पन्नास-साठ ग्रॅम किसलेलं चीज ढवळलं तर तूप न सुटता सॉस होतो. चव खारट-आंबट लागते, म्हणून मीठ घालू नये.

पनीरचं काय, असा प्रश्न येणारच, कारण चीज संपलेलं असतं आणि पनीर असतं. पूर्णेच्या खोऱ्यात पूर्णाथडी म्हशीचं दाट दूध आहे. त्याचं पनीर उत्तम होतं. पण पनीर करताना आपण दूध आधी खूप तापवतो. त्यामुळे निवळीतली प्रथिनंही केसिनला चिकटतात, आणि लिंबू पडल्यावर जे जाळं बसतं ते उष्णतेने सैल न होता आणखी आवळतं. ते भाजलं जाईल, वितळणार नाही. मेक्सिकोतही ताजं पांढरं चीज असंच चुरून वरून घालतात आणि तार हवी तिथे ओआहाकाचं ओढून गुंडाळलेलं चीज वापरतात. आपणही दोन्ही घ्यावीत: तारेला मोझरेला, चावायला पनीर.

घाईच्या दिवशी चुन्याचा खटाटोप नको. मक्याच्या पिठाला त्याच्या जवळपास बरोबरीने, मीठ घातलेलं उकळतं पाणी घाला, झाकून दहा मिनिटं ठेवा, कोमट असताना मळा. लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या ताटलीने दाबा. तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून लगेच फडक्यात गुंडाळा. आतल्या वाफेने ती मऊ राहते. मग मंद आचेवर तवा ठेवून भाकरीवर चीज किसा, झाकण ठेवा, अर्ध्या मिनिटात चीज सुटलं की चवळीची सुकी उसळ, चिरलेला कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून दुमडा. किसलेलं चीज कडेने थोडं तव्यावर सांडू द्यावं. त्यातलं पाणी उडतं, प्रथिनं आणि उरलीसुरली शर्करा मिळून तांबूस होतात आणि कुरकुरीत झालर येते. घरातली पोरं आधी तीच तोडतात. ठेचा मात्र नेहमीपेक्षा अळणी वाटावा, कारण प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ भरपूर असतं.