लातूरचे रेल्वेस्थानक: अरुंद रुळांवरून आलेले भाग्य

अंबाजोगाई शहराला आजही स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. परळी–विकाराबाद मार्ग तालुक्यातील घाटनांदूरवरून जातो. या परिसराच्या व्यापाराला वळण देणारे स्थानक शोधायचे तर शेजारच्या लातूरकडे जावे लागते.

लातूरला रेल्वे आली ती १९११ साली, आणि तीही निजामाच्या नव्हे, तर बार्शी लाइट रेल्वे या इंग्रज कंपनीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेल्या या मार्गाचा बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला होता. दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, अवघे अडीच फूट होते. प्रत्येक आसावर, म्हणजे चाकांची जोडी ज्यावर बसते त्या दांड्यावर, पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, या तत्त्वावर कॅलथ्रॉपने इंजिने आणि डबे बेतले, त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. ही कल्पना इतकी यशस्वी ठरली की पुढे इंग्लंडमधील लीक–मॅनिफोल्ड मार्गही त्याने याच गेजवर बांधला.

या स्वस्ताईची किंमत मात्र कुर्डुवाडीत मोजावी लागे, कारण तेथे मोठ्या गेजचा मार्ग लागत असल्याने लातूरहून निघालेले प्रत्येक पोते हमालांना एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. तरीही लातूरची बाजारपेठ फोफावली. या बाजारपेठेच्या केंद्रस्थानी असलेली गंजगोलाईची इमारत १९१७ ची, म्हणजे रेल्वे आल्यानंतर सहाच वर्षांनी उभी राहिलेली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

१९५४ मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात गेली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लातूर–कुर्डुवाडी मार्ग मोठ्या गेजचा झाला. काही भागात, विशेषतः धाराशिव शहर जोडण्यासाठी, वाटही बदलली.

या रुंदीकरणाचे मोल एप्रिल २०१६ च्या भीषण टंचाईत कळले. मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला लातूर स्थानकात पोहोचली आणि तिच्या दहा टँकरांतील सुमारे पाच लाख लिटर पाणी शहराच्या वापरासाठी उतरवून घेण्यात आले. पुढे पन्नास टँकरांच्या गाड्या येऊ लागल्या. प्रत्येक टँकरमधील पन्नास हजार लिटर पाण्याचे वजनच पन्नास टन, म्हणजे चार आसांपैकी प्रत्येकावर साडेबारा टन होते, आणि कॅलथ्रॉपच्या मूळ रुळांनी तो भार पेललाच नसता.