‘हिज’ म्हणजे कोणाचा?

इंग्रजीच्या पेपरात एक उतारा येतो आणि त्याखाली पाच-सहा प्रश्न असतात. ज्या विद्यार्थ्याने शब्दार्थ तोंडपाठ केलेले आहेत, उताऱ्यातील एकही शब्द ज्याला अडत नाही, तोही पुष्कळदा या प्रश्नांची उत्तरे चुकतो. पालक मग नवा शब्दकोश आणून देतात. परंतु घोटाळा बहुधा ज्या चिमुकल्या शब्दांत झालेला असतो, ते शब्दकोशात पाहावेत असे कोणाच्या मनातही येत नाही.

एक साधे वाक्य घ्यावे : ‘राम गेव्ह गोविंद हिज अंब्रेला.’ छत्री कोणाची? मराठीत हा प्रश्न सहसा पडत नाही. ‘रामाने गोविंदाला आपली छत्री दिली’ म्हटले की ती रामाची. ‘त्याची छत्री दिली’ म्हटले की बहुधा गोविंदाची. ‘आपला’ हा शब्द वाक्याच्या कर्त्याकडे बोट दाखवतो. इंग्रजीला ही सोय नाही; तेथे दोन्ही ठिकाणी ‘हिज’च. म्हणून जाणता वाचक मागच्यापुढच्या ओळी चाळतो. पाऊस आला असता गोविंद रिकाम्या हाताने निघाला होता काय? की गेल्या आठवड्यात तोच आपली छत्री रामाकडे विसरून गेला होता? मराठी मुलगा येथे थांबत नाही, कारण स्वतःच्या भाषेत त्याला असे क्वचितच थांबावे लागलेले असते. पहिले नाव लिहून तो मोकळा होतो.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची कथा याहून बिकट. भातावर भुरभुरलेल्या खोबऱ्याप्रमाणे ती असली तर बरी, नसली तरी चालेल, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक आजीच्या गोष्टीत हाच व्यवहार मराठीतूनही चालतो. ‘एका गावात एक म्हातारी राहत होती’ असा प्रारंभ होतो आणि पुढे ‘त्या म्हातारीला’ असे येते. ओळख होण्यापूर्वी ‘एक’, ओळख झाल्यावर ‘ती’. तेव्हा उताऱ्यात एकदा आलेल्या माणसानंतर पुन्हा ‘अ मॅन’ दिसला, तर बहुधा दुसराच कोणी आत आला आहे हे ओळखावे. ‘ही हॅड फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला मित्र जवळजवळ नव्हतेच; ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे काही थोडे होते. एवढ्याशा ‘अ’ने एकाकी माणूस चारचौघांत येऊन बसतो!

परीक्षेत यापायी दोन गुण जातात. बाहेर अधिक जाते. बेळगावच्या किंवा इंदूरच्या मराठी शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या मुलाला प्रवेशाची सूचना इंग्रजीतून वाचावी लागते. पावती जोडल्याशिवाय अर्ज घेतला जाणार नाही, एवढाच तिचा आशय. पण ‘नॉट’ पुढे आणि ‘अनलेस’ मागाहून आल्यामुळे दोन नकारांत तो गोंधळतो आणि अर्ज परत येतो.

यावर सराव कोणता? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतील कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. त्यातील सुट्या वाक्यांनी वाक्यरचना अंगवळणी पडते, हे खरेच. मात्र सुट्या वाक्यात छत्रीचा धनी सापडत नाही. त्यासाठी उताराच हवा. आठ-दहा ओळींचा उतारा घेऊन त्यातील प्रत्येक ‘ही’, ‘इट’, ‘दे’, ‘हिज’ यांखाली रेघ ओढावी व तो शब्द कोणाबद्दल आला आहे ते समासात मराठीत लिहावे. ‘इट’पाशी विशेष जपावे. मराठीत खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ आणि टेबल ‘ते’. इंग्रजीत तिन्ही ‘इट’.

त्यानंतर उताऱ्याचे मराठी करावे, पुस्तक मिटावे, आणि काही वेळाने त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहून मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे. ही युक्ती नवी नव्हे. राणी पहिल्या एलिझाबेथचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांनी लॅटिन शिकवण्यासाठी नेमकी हीच रीत सांगितली होती. त्यांचा ‘द स्कूलमास्टर’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १५७० साली प्रसिद्ध झाला. दोन भाषांतरांच्या मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा, असे ते सांगतात. त्या काळी इंग्रज मुलांनाही परकी भाषा अशीच घासून शिकावी लागत होती, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

ताडून पाहताना मूळात ‘द’ असून आपल्या वहीत तो कोठे गळला, ‘आपली’चे ‘हिज’ झाले की ‘हर’, एवढेच प्रथम पाहावे. मोठ्या शब्दांच्या चुका दुसऱ्या दिवशी सुधारल्या तरी चालतात.