बाईंना पाच मिनिटे द्या

जून महिन्यात शाळा उघडल्या आणि मावळात पावसाने जोर धरला, की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण एकदम वाढतात. एक म्हणजे सर्दी-खोकल्याने बेजार झालेली मुले आणि दुसरे म्हणजे त्या मुलांना शिकविणाऱ्या बाई व गुरुजी. मुलांना आया दिवसाउजेडी घेऊन येतात. शिक्षक मंडळी येतात ती दिवेलागणीनंतर. आवाज पार बसलेला असतो, पण मागणे ठरलेले असते. "डॉक्टर, उद्या वर्गावर जाता येईल असं काहीतरी द्या. रजा घ्यायला मात्र सांगू नका."

रजा का नको, हे समजून घ्यायचे तर आंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातील एखादी छोटी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे आणावी लागेल. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षक दोन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापक हवा असेल तर पट दीडशेच्या वर असावा लागतो. म्हणजे या दोघांतच एकाने मुख्याध्यापकाचे कामही पाहायचे. एकाने रजा घेतली की दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग येतात. सहकाऱ्याची ही अवस्था माहीत असल्यामुळेच दुखणे अंगावर काढले जाते.

दिवसाचा हिशेब

यांतील बरेच शिक्षक तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्यात राहतात. लोकलने कान्हे किंवा कामशेतला उतरायचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर दुचाकीवर रेनकोट घालून आत जायचे. शाळेत पोचल्यावर परिपाठ होतो आणि मग दोन इयत्ता एकाच वेळी सुरू होतात. तिसरीला गणिते घालून द्यायची आणि चौथीचा धडा मोठ्याने वाचायचा. वाचता वाचता तिसरीतल्या भांडणाकडेही लक्ष ठेवायचे. दुपारी शालेय पोषण आहार. या योजनेची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न मिळू लागले. मुलांच्या आरोग्यासाठी ही योजना मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु तांदळाचा हिशेब, अन्नाची चव आधी घेऊन पाहणे, ताटे, हात धुणे, हे सारे पाहायला माणूस तोच. मुलांची सुट्टी होते, शिक्षकाची होत नाही.

त्यात माहिती भरण्याचे काम वाढले आहे. डोंगराच्या कुशीत मोबाईलला रेंज येईल ती जागा शोधून आकडे पाठवायचे. कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. तथापि ही तीन कामे तरी कमी कुठे आहेत? मतदार यादीसाठी घरोघर फिरणारे गुरुजी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

या दिवसात पाच मिनिटांची मोकळी फट कुठेच नाही. पहिलीतल्या मुलाला लघवीला जायचे असेल तर बाई त्याला सोडतात. बाईंना जायचे असेल तर त्यांच्या वर्गाकडे कोण पाहणार? वरवर हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांची निम्मी दुखणी मला तरी याच प्रश्नापाशी येऊन थांबलेली दिसतात.

घसा का बसतो?

आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात आणि त्यातून आवाज निर्माण होतो. स्त्रियांच्या नेहमीच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण दोनशे वेळा घडते, पुरुषांच्या बोलण्यात सव्वाशेच्या आसपास. मधले सगळे थांबे वगळून दिवसात तासभर जरी प्रत्यक्ष आवाज निघाला, तरी बाईंचे स्वरतंतू सात लाखांहून अधिक वेळा एकमेकींवर आपटलेले असतात. ओरडून बोलले की या आपटण्याचा जोर वाढतो. तासभर टाळ्या वाजवल्या तर तळवे लाल होतात, तसे स्वरतंतू सुजतात आणि आवाज घोगरा होतो. हे महिनोन् महिने चालले, तर कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडावा तशा स्वरतंतूंवर छोट्या गाठी येतात. त्यांना 'व्होकल नोड्यूल' म्हणतात. या गाठी कर्करोगाच्या नसतात, पण आवाज कायमचा भरडा करून ठेवू शकतात.

अमेरिकेतील आयोवा व युटा या राज्यांतील सुमारे बाराशे शिक्षक आणि तितक्याच इतर लोकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. आयुष्यात केव्हा ना केव्हा आवाजाचा त्रास झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत जवळजवळ ५८ टक्के आणि इतरांत २९ टक्के आढळले, म्हणजे बरोबर दुप्पट. पोलंडमध्ये शिक्षकांच्या अशा दुखण्याला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता आहे. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता, शिक्षकाचा गेलेला आवाज नव्हता.

मावळात यात पावसाची भर पडते. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. शाळेचे छप्पर पत्र्याचे असेल तर शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो, हे एटिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच दाखवून दिले होते. शिकविणे चालू असताना वर्गातला आजूबाजूचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविले. आपले साधे बोलणेच साठ डेसिबलच्या आसपास असते. पत्र्याखालच्या वर्गात या शिफारशीचा काय पाड लागणार? आणि पावसाळ्यात तर दर आठवड्याला कुठल्या तरी मुलाकडून बाईंना सर्दी मिळतेच. सुजलेल्या घशानेच ओरडावे लागते.

न प्यायलेले पाणी

आवाज बसलेल्या प्रत्येक बाईंना मी एक प्रश्न विचारतो. सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी किती पिता? बहुतेकींचे उत्तर 'दोन घोट' असे असते. बाटली सोबत असते, पण ती भरलेलीच घरी परत येते.

स्वरतंतूंवर पातळ ओलसर थर असतो. गाडीच्या यंत्रात तेल, तसा हा थर. तो सुकला की घर्षण वाढते. प्यायलेले पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून पोटात जाते. शरीरात पुरेसे पाणी असेल तरच हा थर ओला राहतो. म्हणून घरी गेल्यावर एकदम तांब्याभर पाणी पिण्याने भागत नाही, दिवसभर थोडे थोडे प्यावे लागते.

मग बाई पाणी का पीत नाहीत? कारण स्वच्छतागृहाला जावे लागू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी काय काय हवे याची यादी आहे. मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण हे सर्व त्यात आहे. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाचा स्वतंत्र उल्लेख नाही. मुलींसाठीच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल, आत पाणी नसेल किंवा पावसात मैदान ओलांडून जावे लागत असेल, तर बाई सहा-सात तास लघवी रोखून धरतात. मासिक पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे जंतू मूत्राशयात सहज पोचतात. वरचेवर लघवी झाली तर ते बाहेर धुतले जातात. रोखून धरली तर त्यांना वाढायला सवड मिळते. मग जळजळ, थेंबथेंब लघवी आणि ओटीपोटात दुखणे सुरू होते. दुर्लक्ष झाले तर थंडी-ताप येऊन संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार असा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. त्यांतील निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला दिले. वर्षभरात या स्त्रियांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, तर उरलेल्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने दुखणे जवळजवळ निम्म्यावर आले. पाणी कमी पिण्याने मूतखडे होतात ते वेगळेच, आणि त्यात गुरुजीही सुटत नाहीत.

शिक्षकांनी काय करावे?

पाणी दर तासाला चार-पाच घोट प्यावे आणि मधल्या सुट्टीत, येत नसली तरी, लघवीला जाऊन यावे.

वर्गाला गप्प करण्यासाठी ओरडू नये. टाळी, टेबलावरची घंटी किंवा हात वर करण्याची खूण मुलांना चार दिवसांत अंगवळणी पडते. लांबच्या मुलाशी बोलायचे तर आवाज पाठविण्याऐवजी आपण त्याच्यापाशी जावे. पाऊस धो धो कोसळत असेल तेव्हा शिकविण्याचा हट्ट सोडून लेखन, चित्रकला किंवा मूक वाचन घ्यावे. पट मोठा असेल तर कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक वापरण्यात संकोच नको.

सारखे खाकरू नये. खाकरणे म्हणजे स्वरतंतूंवर आपटी. त्याऐवजी घोटभर पाणी गिळावे. घसा बसला असता कुजबुजल्याने विश्रांती मिळते हा गैरसमज आहे. त्यानेही ताण पडतो. हळू पण साध्या आवाजात बोलावे किंवा मौन पाळावे. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, परंतु गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही. वाफ तिथे पोचते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा श्वासाचे महत्त्व आपल्या गावाला नव्याने सांगायला नको. श्वास संपत आला तरी वाक्य रेटत राहण्याची सवय सोडावी. सकाळी वर्गावर जाण्यापूर्वी ओठ मिटून दोन-तीन मिनिटे हलका गुंजारव केला तर आवाज तयार होतो.

सलग उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात. पोटऱ्यांचे स्नायू हलले की रक्त वर ढकलले जाते. म्हणून एका जागी उभे न राहता फिरावे आणि अधूनमधून बसावे. शिक्षकाने बसणे म्हणजे आळस, असे मानणाऱ्या शाळा आजही आहेत. त्यांनी ही समजूत सोडावी. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाल्याने आम्ल घशाशी येते आणि आवाज बिघडतो, म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास असू द्यावेत.

नुसत्या बसलेल्या घशाला बहुधा अँटिबायोटिकची गरज नसते. इंजेक्शन घेऊन आवाज तात्पुरता मोकळा करून पुन्हा ओरडायला जाणे तर घातकच. आवाज तीन आठवड्यांच्या वर घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर तीन आठवडेही थांबू नये. लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पालकांच्या हातात काय आहे?

वरच्या सगळ्या सूचना पाळायच्या तर शिक्षकाला वर्गाबाहेर जाता आले पाहिजे, आणि ती पाच मिनिटे माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाहीत. ती गाव देऊ शकते. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. पोषण आहाराच्या वेळी आळीपाळीने एखाद्या आईने किंवा आजोबांनी मुलांजवळ बसावे, म्हणजे बाईंना चार घास निवांत खाता येतील. लहान मुलांच्या शाळेत सकाळी दहा मिनिटे आणि दुपारी दहा मिनिटे एवढे जरी कोणी मोठे माणूस उभे राहिले तरी पुष्कळ झाले.

समितीच्या पुढच्या सभेत भिंतींच्या रंगाचा आणि स्नेहसंमेलनाचा विषय निघेलच. त्याआधी स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवा, आत पाण्याची बादली आणि मग ठेवा, आणि तिथे दिवसातून दोनदा पाणी भरून ठेवण्याची जबाबदारी कोणाची ते ठरवा. पत्र्याखाली आच्छादन घालता येईल का, याची चौकशी करा. यांतील पहिल्या तीन गोष्टींना कोणत्याही कार्यालयाची मंजुरी लागत नाही. कडी गावातल्याच दुकानात मिळते आणि ती बसवायला अर्धा तास पुरतो.