पाठदुखी, सांधेदुखी आणि आपले अंथरूण

आपल्या संस्थेच्या रुग्णोपयोगी साहित्याच्या कपाटाची किल्ली गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. कोणी चाकांची खुर्ची नेण्यास येते, कोणी वॉकर, कोणी हवेची गादी. वहीत नाव लिहून होईपर्यंत चार शब्द बोलणे होते, आणि ते बोलणे हटकून कंबरेवर व गुडघ्यांवर येऊन ठेपते. अलीकडे त्याच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : "मुलगा म्हणतो, आई, तुझ्यासाठी ती नवी हायब्रिड गादी घेऊ. घ्यावी काय हो?"

आम्ही वैद्य नव्हे, आणि गाद्यांचे व्यापारीही नव्हे. परंतु हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की त्याचा थोडा अभ्यास करणे भाग पडले. शिवाय याच बाबतीत आमच्या हातून घरातच एक चूक घडली आहे. तेव्हा संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत त्याविषयी चार उपयोगी गोष्टी सांगाव्यात, असे योजिले आहे.

आपल्या पिढीचे बालपण कापसाच्या गादीवर गेले. इंदुरात पिंजारी दारावर येई, त्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू आला की घरातील गाद्या अंगणात निघत. गादी उसवायची, गोळे झालेला कापूस पिंजून घ्यायचा, ऊन द्यायचे, पुन्हा भरायचा, असा तो वार्षिक कुळाचार असे. त्या गादीचा गुण असा की ती दरवर्षी नवी होई. दोष असा की पिंजण चुकली की मध्यभागी खळगा पडे आणि निजणाऱ्याची कंबर त्या खळग्यात जाई. पुढे काथ्यावर रबराचा चीक फवारून केलेल्या गाद्या आल्या, मग फोमच्या आल्या, आणि आता ही हायब्रिड.

हायब्रिड हा शब्द आपणांस अपरिचित नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले आणि 'हायब्रिड' हा शब्द खेडोपाडी पोहोचला. दोन वाणांचे गुण एकत्र आणणे हाच येथेही अर्थ आहे. गादीच्या पोटात पोलादी स्प्रिंगा असतात आणि त्यांच्यावर फोमचे किंवा लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे, दोन-तीन इंचांचे थर असतात. भार तोलून धरण्याचे काम स्प्रिंगांचे, अंगाला टोचू न देण्याचे काम वरच्या थरांचे.

यांपैकी कोणतीही गोष्ट तशी नवी नाही. प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत शिवण्याची युक्ती कॅनडातील जेम्स मार्शल यांनी १९०० च्या सुमारास काढली. अशा स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या नसतात. त्यामुळे खांद्याखालची स्प्रिंग दबली तरी कंबरेखालची आपला आधार सोडीत नाही, आणि शेजारी निजलेल्याने कूस पालटली तरी आपणांस हिसका बसत नाही. 'मेमरी फोम' म्हणतात तो १९६६ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेसाठी चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. तो मूळचा विमानातील आसनांसाठी होता, शयनगृहासाठी नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पाठ दुखते तर फळीवर निजावे, हा उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे आणि दुसऱ्यांस केलेलाही आहे. तो कितपत खरा? याची पद्धतशीर परीक्षा स्पेनमध्ये झाली आणि तिचा वृत्तान्त २००३ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटास कडक गादी दिली, दुसऱ्यास मध्यम कडक. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांचे अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दिवसभराची अडचण ही तिन्ही दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झालेली आढळली. वाचकांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की ही परीक्षा कडकपणाची होती. स्प्रिंगांच्या संख्येची नव्हती, आणि गादीच्या किमतीची तर नव्हतीच.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. आपला कणा सरळ काठीसारखा नसून त्याला मानेशी व कंबरेशी बाक आहेत. फळीवर उताणे निजले की पाठ व कुल्ले टेकतात, पण कंबर अधांतरी राहते, आणि तिचे स्नायू रात्रभर पहारा देत बसतात. कुशीवर निजले तर सारा भार खांदा व कटीच्या हाडावर येतो. उलट अतिमऊ गादीत धडाचा जड भाग खाली जातो व कणा झोळीसारखा वाकतो. मध्यम गादी खांद्याला व कटीला थोडे आत घेते आणि कंबरेला खालून हात देते. एवढेच काय ते तिचे रहस्य.

परंतु मध्यम म्हणजे किती, हे दुकानदाराने सांगावयाचे नसून निजणाऱ्याच्या शरीराने सांगावयाचे आहे. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या कृश आजीला जी गादी फळीसारखी लागते, तीच नव्वद किलोच्या गृहस्थास मऊ लागते. म्हणून हलक्या अंगाच्या माणसाने किंचित मऊ घ्यावी, भारी अंगाच्याने किंचित कडक. कुशीवर निजणाऱ्यास वरचा थर अधिक हवा, उताणे निजणाऱ्यास कमी. ज्यांचे खांदे व खुबे दुखतात त्यांनी तर कडक गादीच्या वाटेस जाऊच नये.

येथे आमची चूक सांगतो. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा ७८ होते. गुडघे झिजलेले, कंबर धरलेली. आम्ही भावंडांनी वर्गणी करून एका दुकानातून 'ऑर्थोपेडिक' असे ठळक छापलेली आठ इंच जाडीची कडक गादी आणली. तिला दुकानात नेले नाही. तिला जिने चढवत नाहीत, उगाच त्रास कशाला, असे आम्ही म्हटले. पहिले आठ दिवस रोज सकाळी विचारीत होतो, "कशी आहे गादी?" ती म्हणे, "छान आहे हो." नवव्या दिवशी पहाटे आम्ही पाणी प्यावयास उठलो, तो ती देवघरात सतरंजीवर उशी घेऊन निजलेली दिसली. विचारता म्हणाली, "खांदा बधिर होतो रे. पण एवढे पैसे घातलेत तुम्ही, कसे सांगू?"

पाहू गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. वडिलांच्या वेळचा सागवानी पलंग जमिनीपासून सतरा इंच उंच. त्यावर तीन इंचांची कापसाची गादी होती तेव्हा एकूण वीस इंच होत आणि तिचे पाय जमिनीला टेकत. आता झाले पंचवीस. पाय लोंबकळत राहत, उतरताना उडी मारल्यासारखे होई आणि गुडघ्याला कळ लागे. झोपेची गादी आणली आणि तिचे उठणे हिरावून घेतले, असा प्रकार झाला. दुकानाने गादी परत घेतली नाही, वेष्टन काढले होते. शेवटी वर दोन इंच लॅटेक्सचा थर घातला. पलंग आता सत्तावीस इंच झाला. सुतार बोलावला, पण वडिलांच्या पलंगाचे कातीव खूर कापण्यास आमचे मन धजेना. मातोश्रीच म्हणाल्या, "काप सात इंच. ते असते तर त्यांनीच कापले असते." त्या रात्रीपासून त्या पलंगावर निजू लागल्या.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते क्रमाने देतो.

पहिली गोष्ट, गादी घेण्यापूर्वी पलंग तपासावा. नवारीच्या वा लोखंडी जाळीच्या झोळ पडलेल्या पलंगावर कितीही भारी गादी टाकली तरी तिलाही झोळ पडणारच. आधी खाली प्लायवुडची फळी घालून आठ दिवस पाहावे. कित्येकांचे काम तेवढ्या खर्चातच भागते.

दुसरी, उंची मोजावी. कडेवर बसले असता दोन्ही तळवे जमिनीवर पुरे टेकले पाहिजेत, आणि गुडघे कटीच्या वर जाता कामा नयेत. हायब्रिड गाद्या आठ ते बारा इंच जाड असतात, हे हिशेबात धरावे. उठताना कडेवर भार द्यावा लागतो, म्हणून कड दबणारी नसावी. सांधेदुखीच्या माणसास हा गुण फार मोलाचा.

तिसरी, ज्याच्यासाठी गादी घ्यावयाची त्यानेच तीवर निजून पाहावे. दोन मिनिटे टेकून नव्हे, तर नेहमीच्या कुशीवर, आपली उशी घेऊन, पंधरा मिनिटे. उताणे निजल्यावर कंबरेखाली हात घालून पाहावा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, मुळीच शिरेना तर मऊ. मग कूस पालटून पाहावी. मेमरी फोम सावकाश उठतो, त्यामुळे त्याचा थर जाड असेल तर कूस पालटणे म्हणजे चिखलातून पाय काढण्यासारखे होते. आमवाताने हात-खांदे आखडलेल्यांना लॅटेक्सचा थर बरा, तो लगेच वर येतो. मेमरी फोमचे आणखी एक आहे. तो उष्णतेने मऊ पडतो व थंडीत ताठरतो. ग्वाल्हेरकडील आमचे आप्त सांगतात की जानेवारीत तो आधी अंगाने तापवावा लागतो. उन्हाळ्यात तो अंगाची ऊब धरून ठेवतो. त्या मानाने स्प्रिंगांमधून वारा खेळतो, हा हायब्रिडचा आपल्या हवेत खरा लाभ.

चौथी, शब्दांना भुलू नये. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द गादीवर छापला म्हणजे अस्थितज्ज्ञाने ती तपासली असे नव्हे. फोमची घनता जरूर विचारावी. '४० डेन्सिटी' म्हणजे घनमीटरला ४० किलो. पण घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घनता बहुतांशी टिकाऊपणा सांगते, कडकपणा निराळा. स्प्रिंगेच्या तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक, हेही ठाऊक असावे. हमीपत्रात किती इंच खळगा पडल्यास गादी बदलून देणार ते वाचावे, आणि घरी वापरून पाहिल्यावर परत घेणार की नाही ते लेखी घ्यावे. आमच्यासारखे वेष्टन फाडल्यावर विचारू नये.

पाचवी, निगा. ही गादी कापसाच्या गादीसारखी कडक उन्हात टाकू नये, फोम व लॅटेक्स उन्हाने झिजतात. बहुतेक हायब्रिड गाद्यांना एकच बाजू असते. त्या उलटू नयेत, पण काही महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायांकडे करावी. वृद्धांच्या गादीवर पाणी न शिरणारी खोळ अवश्य घालावी.

किंमत पाच आकड्यांत जाते. ती परवडत नसेल तर खंत करू नये. नीट पिंजलेली सपाट गादी, खाली फळी, आणि एक जास्तीची उशी, कुशीवर निजताना दोन गुडघ्यांमध्ये व उताणे निजताना गुडघ्यांखाली, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो.

शेवटी एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. गादी हे औषध नव्हे. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन विनाकारण घटत असेल, पायातील शक्ती जात असेल, जांघेत बधिरता आली असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल, तर गादीच्या दुकानात न जाता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. तरुण मुलगा पहाटे पाठ दुखून जागा होत असेल, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठरलेला राहत असेल व हिंडल्यावर मोकळा होत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्यास गादी बदलून देण्यात वर्षे घालवू नयेत. आणि चांगली गादी आली म्हणून दिवसभर पडून राहणे हेही चुकीचेच. पाठदुखीवर अंथरूण धरण्याचा जुना सल्ला आता मागे पडला असून झेपेल तितके हिंडतेफिरते राहावे असेच आज सांगतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्ही त्यास एवढीच जोड देऊ : पाय पाहून अंथरूण घ्यावे. आणि ते पाय ज्यांचे आहेत त्यांना दुकानापर्यंत न्यावे, जिने असले तरी. आपल्या घरातील वडीलधारी माणसे "छान आहे हो" म्हणतात, त्याचा अर्थ नेहमीच छान आहे असा नसतो. एखाद्या पहाटे उठून पाहावे, ती कोठे निजली आहेत.