उपनगरातले मत

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातला मतदार ठरीव आहे, असे सर्रास म्हटले जाते. सकाळची लोकल, संध्याकाळची भाजी आणि निवडणूक आली की नेहमीच्याच चिन्हावर बोट, असे त्याचे चित्र रंगविले जाते. आम्हांला हे चित्र अर्धवट वाटते.

जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत तिने ४० पैकी १७ जागा घेतल्या. मुंबईच्या आधी सत्ता हाती आली ती ठाण्यात. पण दिल्लीला माणूस पाठवताना याच मतदाराने १९७७ साली जनता पक्षाच्या रामभाऊ म्हाळगींना निवडले, आणि १९८० मध्ये देशभर इंदिरा गांधींची सरशी झाली तरी म्हाळगींनाच पुन्हा निवडले. १९८४ मध्ये मात्र ती जागा काँग्रेसच्या शांताराम घोलपांकडे गेली. १९८९ आणि १९९१ ला भाजपचे राम कापसे, १९९६ पासून शिवसेनेचे प्रकाश परांजपे. याला कोणी ठरीव म्हणणार असेल तर म्हणो!

एक धागा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळींतून ज्यांना जागा पुरेना ते लोक रुळांच्या कडेने पुढे सरकत गेले. कचेरीतला कारकून, बँकेतला नोकरदार, १९८२ च्या संपानंतर गिरणीतून बाहेर पडलेला कामगार. प्रत्येकाने भांड्याकुंड्यांबरोबर आपापली शाखा, आपापली युनियन, आपापला गणेशोत्सवही आणला. राजकीय ओढ आली ती त्या बिऱ्हाडातूनच.

पण ओढ वेगळी आणि निकाल वेगळा. पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये ठाणे आणि कल्याण हे लोकसभेचे दोन मतदारसंघ झाले. कल्याण शिवसेनेने राखले. ठाण्यात राष्ट्रवादीचे संजीव नाईक निवडून आले. ठाण्याचे मन एका वर्षात बदलले काय? मनसेच्या उमेदवाराला तिथे मिळालेली मते विजयी उमेदवाराच्या आघाडीपेक्षा बरीच अधिक होती. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो; निम्म्याहून अधिक मते लागतातच असे नाही. घरातल्या दोन भावांनी वेगळ्या चुली मांडल्या की शेजाऱ्याची पंगत आधी बसते, इतकाच त्याचा अर्थ.

आता न दिलेल्या मताकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. कल्याण मतदारसंघात २०१४ आणि २०१९ ला निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले. २०२४ ला ते प्रमाण कसेबसे निम्म्यावर आले. यावर 'सुट्टी मिळाली की अलिबाग' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे, तेव्हा काहींच्या बाबतीत तो शेरा खरा असेलही. पण यादी उघडून पाहावी. भाड्याची जागा दर दोन-तीन वर्षांनी बदलते, माणूस पूर्वेकडून पश्चिमेला जातो, त्याचे नाव मात्र जुन्याच पत्त्यावर राहते. दुसऱ्या कोणाचे नाव कोकणातल्या गावी असते. अशी नावे भागाकारात खाली मोजली जातात, म्हणून मतदानाचा टक्का आहे त्याहूनही कमी दिसतो.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस सामान्यतः जिथे राहतो तिथेच त्याचे नाव असावे, आणि ते दोन ठिकाणी असू नये. केवळ मालकीचे घर आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. गावच्या वडिलोपार्जित घरावर नाव ठेवून इथल्या पाण्याच्या नळाबद्दल ओरडणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे. पत्ता बदलल्यास आठ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. पात्रतेच्या तारखाही आता वर्षात चार आहेत.

सोसायट्यांच्या पलीकडे आणखी एक मतदार आहे, ज्याला आपण चर्चेत फारसे घेत नाही: कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूच्या २७ गावांतला. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. तिथे पक्षाच्या आधी विचारले जाते ते हे, की आमचे गाव पालिकेत ठेवणार की बाहेर काढणार, आणि घरपट्टी किती लावणार. डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून त्या मताचा अंदाज बांधता येत नाही.