अकरावीचे उपेक्षित वर्ष

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे विदर्भात कोशाच्या कापडासाठी परिचित असलेले गाव. परंतु ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालला, किंवा ज्यांचा संसार धानाच्या बांध्यांवर उभा आहे, त्या घरांतील मुलेही आता दहावीचा निकाल हाती पडताच अभियांत्रिकीची वाट विचारू लागली आहेत, आणि त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते : नागपूरला शिकवणी लावा.

हे उत्तर अपुरे आहे, कारण आधी परीक्षेचे स्वरूप समजून घ्यावे लागते. राज्याच्या सीईटी परीक्षेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्नांना १०० गुण व ९० मिनिटे. गणिताच्या ५० प्रश्नांनाही गुण १०० आणि वेळ तेवढाच. म्हणजे पहिल्या दोन विषयांत एका प्रश्नाच्या वाट्यास ५४ सेकंद येतात, गणितात त्याच्या दुप्पट. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नसल्यामुळे प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा. प्रश्नांपैकी सुमारे २० टक्केच अकरावीवरचे, हा हिशेब ऐकून ते वर्ष सुटीसारखे घालविणारे विद्यार्थी पुष्कळ, आणि माझ्या मते त्यांच्या अपयशाचे मूळ तेथेच असते. बारावीत इंटिग्रेशनपाशी जो अडतो, त्याचे पाऊल पुष्कळदा मागेच अडलेले असते : साइन आणि कोसाइन यांच्या वर्गांची बेरीज एक, हे दहावीतले, अकरावीत घोटायचे राहून गेलेले सूत्र त्याला ऐनवेळी सुचत नाही. ताणा सैल राहिला की बाणा कितीही कसून भरला तरी कापड सरळ उतरत नाही, हे कोष्ट्याच्या मुलास निराळे सांगावयास नको.

सीईटीखेरीज दुसरीही वाट आहे : नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात. परंतु तेथे जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा लागते, तीत चुकीस गुण कापले जातात, आणि खुल्या प्रवर्गास बारावीच्या ७५ टक्क्यांची अट आहे. ही परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते, ही गोष्ट खेड्यापाड्यांत अद्याप पुरेशी पोचलेली नाही.

अभ्यासाबरोबर कागदपत्रांचीही तयारी हवी. अधिवास, उत्पन्न आणि जातीचे दाखले वेळीच काढावेत; जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबविणाऱ्यासाठी प्रवेशाची मुदत थांबत नाही. ज्याच्या घरी दोन वर्षांच्या शिकवणीचा खर्च पेलण्याजोगा नाही, त्याने तंत्रनिकेतनाचा विचार अवश्य करावा, कारण तेथे दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांच्या पदविकेनंतर, सीईटी न देता, अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास अर्ज करता येतो.